दाजींची फाईल: एका ट्रायलच्या अटी वाचताना

सेलूत माझं औषधांचं दुकान आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय ४६, गाव सेलूपासून दहा-बारा किलोमीटरवर, सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मधे तुरीची तासं. त्यांना सीएमएल आहे, ल्युकेमियातला म्हणजे रक्ताच्या कर्करोगातला सावकाश चालणारा प्रकार. २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्यासाठी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची रुग्णांवरची चाचणी, शोधायला बसलो, तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत काय घडलं ते इथे लिहितोय. दाजींनी परवानगी दिली, अट एकच घातली: नाव नको. "लोक उगंच भेटायला येतेत."

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एएमएल, एएलएल या तीव्र प्रकारांत निर्णय दिवसांच्या हिशोबात घ्यावे लागतात. कागद घरी आणून पंधरा दिवस त्यावर बोलत बसायची सवड तिथे नसते. आम्हाला ती होती, म्हणून आमच्या चुका तरी आमच्या लक्षात आल्या.

मागची हकिकत

२०१७ ची दिवाळी. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं, वजन उतरलं होतं. गावात कुणीतरी पानथरी (प्लीहा) वाढली म्हणून तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा सल्ला दिला. आक्कानं तो हाणून पाडला, तिचे उपकार. सेलूच्या लॅबवाल्यानं सीबीसी केला आणि आकडा बघून मशिन बिघडली असं समजून पुन्हा केला. पांढऱ्या पेशी १,८६,०००. धडधाकट माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात.

संभाजीनगरला पुढच्या तपासण्या झाल्या. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जातात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं आणि ते पेशींना थांबूच देत नाही. डॉक्टरांनी दाजींना हे त्यांच्या भाषेत सांगितलं: विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चिकटलाय, मोटर बंदच होईना, ही गोळी लाईट तोडते. गोळी म्हणजे इमॅटिनिब. ते बदललेलं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात सापडलं, म्हणून रिपोर्टवर 'फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं. आक्काला वर्षभर वाटत होतं की ते लॅबचं नाव आहे.

इमॅटिनिब त्यांना महात्मा फुले योजनेतून मिळाली. या गोळीच्या पेटंटचा मूळ कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली. तसं झालं नसतं तर सहा एकरांतली किती जमीन उरली असती, याचा हिशोब मी कधी केला नाही.

सीएमएलमध्ये आजार मोजतात तो बीसीआर-एबीएलच्या टक्केवारीवर. रक्ताची पीसीआर तपासणी असते. तीन महिन्यांत आकडा १० च्या खाली, सहा महिन्यांत १ च्या खाली, वर्षात ०.१ च्या खाली यावा, अशी उतरंड धरलेली आहे. दाजींचा दीड वर्षात ०.०४ वर आला. मग सगळ्यांनाच ढिलाई आली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत संभाजीनगरला जाणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्या, दिवसाआड. हे त्यांनी मला तीन वर्षांनी सांगितलं. २०२१ च्या शेवटी आकडा १२ झाला होता.

फेब्रुवारी २०२२ पासून डासाटिनिब. ही दुसऱ्या पिढीची गोळी. आकडा थोडा उतरला, पण छातीत पाणी झालं. या गोळीचा हा ओळखीचा त्रास आहे. दोनदा पाणी झालं, डोस १०० वरून ७० वर आणला. मे २०२४ चा रिपोर्ट: ६.८ टक्के. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता पुढचं बघावं लागेल. मुंबईला एखादी ट्रायल चालू असेल तर विचारून या."

"दुसऱ्या अर्ध्यायचं काय?"

घरी ट्रायल या शब्दाचा अर्थ एकच होता. दाजी म्हणाले, "म्हंजे आपल्यावर प्रयोग करायलेत का?"

मी दुकानदार माणूस, मला वाटलं चांगलं उदाहरण देऊ. म्हटलं, तुम्ही जी इमॅटिनिब खाल्ली ती अशाच ट्रायलमधून आली. २००० साली १६ देशांत १,१०६ रुग्ण घेतले. अर्ध्यांना इमॅटिनिब, अर्ध्यांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे इंटरफेरॉन आणि सायटाराबिनची इंजेक्शनं. इमॅटिनिबच्या गटातले जवळपास ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही जिवंत होते.

दाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आन दुसऱ्या अर्ध्यायचं काय झालं?"

मला तिथेच अडखळायला झालं. खरं उत्तर असं की इंजेक्शनवाल्यांना गट बदलायची मुभा होती आणि त्यातले पुष्कळ लोक नंतर इमॅटिनिबवर आले. पण त्याआधीचे महिने त्यांनी इंजेक्शनांवरच काढले होते. पुढे चार महिने आमच्या सगळ्या बोलण्याचा खुंटा हाच प्रश्न राहिला. नवी गोळी कशी आहे, हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं तर ट्रायल कशाला घेतली असती? पण दुसऱ्या अर्ध्यात पडलो तर काय मिळणार, हे मात्र आधी कळू शकतं.

दरम्यान पाहुण्यांनी व्हॉट्सॲप भरून टाकलं. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलनं मिळून केलेल्या कार-टी उपचाराच्या (रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) बातम्या तेव्हा ताज्या होत्या. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. बातमी खरी होती, पण आमच्या कामाची नव्हती. तो उपचार सीडी-१९ हे चिन्ह असलेल्या बी-पेशींवर (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जातो, म्हणजे बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमावर. दाजींचा आजार मायलॉइड, म्हणजे वेगळ्या जातीच्या पेशींचा. हे समजावताना माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि एका मावसभावाला अजूनही वाटतं की मी पैशासाठी टाळाटाळ केली.

याच काळात एका खासगी ठिकाणाहून फोन आला. नंबर त्यांना कुठून मिळाला, देव जाणे. "नव्या संशोधनातला उपचार" आहे, पहिला हप्ता दीड लाख. मी एवढंच विचारलं, "ट्रायलचा नोंदणी क्रमांक सांगा." फोन कट झाला. ट्रायलमधल्या नव्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. जो मागतो त्याला क्रमांक विचारावा.

शोध

क्रमांक असतो तो सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. औषध नियंत्रकांनी १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घ्यायच्या आधीच नोंद व्हावी लागते. ती कुणालाही फुकट बघता येते, मोबाईलवरही. आमच्याकडे ते काम भाच्यानं केलं. तो लातूरला नीटची तयारी करत होता, परीक्षा देऊन नुकताच घरी आला होता, निकालाच्या काळजीनं त्याला झोप नव्हती आणि हाताला काम हवं होतं.

पहिल्या दिवशी त्याला जवळजवळ काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ल्युकेमियाचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी करतात. अमेरिकन स्पेलिंगात एक 'ए' कमी. एका स्पेलिंगनं शोधलं की दुसऱ्या स्पेलिंगातल्या नोंदी राहून जातात. मग त्यानं दोन्ही टाकून बघितलं, नुसतं 'सीएमएल' टाकून बघितलं, आणि शेवटी आजाराचा कोड, सी ९२.१. नोंदी भरपूर निघाल्या. त्यातल्या बऱ्याच संपलेल्या, काही एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, काही नुसती माहिती गोळा करणाऱ्या, काही आयुर्वेदाच्या. नव्या औषधाच्या आणि भरती चालू असलेल्या तीनच उरल्या.

एक फक्त टी-३१५-आय नावाचा जनुकबदल असलेल्यांसाठी होती. इमॅटिनिब, डासाटिनिब, नायलोटिनिब, बोसुटिनिब या चारही गोळ्यांना हा बदल दाद देत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या ट्रायल निघतात. दुसरी नव्यानं निदान झालेल्यांसाठी. तिसरी अशांसाठी की ज्यांना दोन किंवा जास्त गोळ्या लागू पडल्या नाहीत वा सोसल्या नाहीत. तिसऱ्या टप्प्याची, नवी गोळी विरुद्ध डॉक्टर निवडतील ती जुनी गोळी. दर तीन जणांत दोघांना नवी, एकाला जुनी. वाटणी संगणक करणार, आणि कोणती गोळी मिळाली ते रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही माहीत असणार.

प्रत्येक नोंदीत संपर्काचा नंबर असतो. मुंबईच्या केंद्रावर तिसऱ्या दिवशी फोन उचलला गेला. कोऑर्डिनेटर मॅडम चांगल्या बोलल्या आणि त्यांनी सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजार कोणत्या अवस्थेत आहे, क्रॉनिक का पुढची? कोणती गोळी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि का बंद केली? शेवटची पीसीआर आंतरराष्ट्रीय मापात आहे का? म्युटेशनचा, म्हणजे जनुकबदलाचा रिपोर्ट? सध्या चालू असलेली सगळी औषधं, गॅसच्या गोळीपासून व्हिटॅमिनपर्यंत?

म्युटेशनचा रिपोर्ट आमच्याकडे नव्हता. तो हरवलेला नव्हता, तपासणीच कधी झाली नव्हती. इमॅटिनिबला आजार दाद देईना तेव्हा, म्हणजे २०२१ मध्येच, ती व्हायला हवी होती. कुणाची चूक म्हणायची? लाटेनंतरची गर्दी होती, ओपीडीत डॉक्टर बदलत होते, आणि आम्ही विचारलं नाही.

मग त्या रात्री आम्ही फाईल उघडली. फाईल कसली, खताच्या दुकानाची जाहिरात असलेली कापडी पिशवी होती. सगळे कागद तारखेनं लावले. सात वर्षांत पीसीआरचे रिपोर्ट निघाले नऊ. पहिल्या दोन वर्षांतले सहा, नंतरच्या पाच वर्षांतले तीन. भाच्यानं एका पानावर सगळं उतरवलं: तारीख, गोळी, डोस, आकडा, त्रास. ते पान आजही सगळ्यात वर असतं, आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढे पहिल्यांदा तेच जातं.

गॅसची गोळी

आता जे लिहायचं टाळता आलं असतं ते.

'सध्या चालू औषधं' या रकान्यात मी स्वतः लिहायला बसलो. डासाटिनिब ७०, रक्तवाढीची गोळी, आणि रोज सकाळी पँटोप्राझोल. पँटोप्राझोल माझ्याच दुकानातली. दाजींना जळजळ व्हायची, ते म्हणायचे, "भाऊ, ती गॅसची दे," मी द्यायचो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती कधीच नव्हती. घरचं माणूस, पैसेही घ्यायचो नाही.

मॅडमनी सगळी औषधं मागितली म्हणून मी एकेकाचं माहितीपत्रक उघडलं. डासाटिनिब पोटातल्या आम्लात विरघळते. आम्ल कमी करणारी गोळी सोबत असली की ती अंगात कमी शोषली जाते. ओमेप्राझोलसोबत ४० टक्क्यांहून जास्त घट नोंदलेली आहे. या जातीच्या गोळ्या सोबत देऊ नयेत, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. बी.फार्म होऊन मला एकोणीस वर्षं झाली आहेत.

पत्रकाची घडी घालून मी बराच वेळ गल्ल्यावर बसून राहिलो. दोन वर्षं त्यांना ७० ची गोळी मिळत होती, अंगी किती लागत होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "जळजळ तर खरीच होती ना?" आक्का काही बोलली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मुंबई, आणि चोवीस पानं

जूनच्या पहिल्या आठवड्यात देवगिरी एक्सप्रेसनं गेलो. मृगाचा पाऊस तोंडावर होता आणि दाजींचं सगळं ध्यान आभाळाकडे. ट्रायलच्या केंद्रावर डॉक्टरांनी ते एक पान वाचलं, पँटोप्राझोलवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. "आता बंद?" "बंद." बस, एवढंच. म्युटेशनसाठी रक्त घेतलं. रिपोर्ट यायला वेळ होता, तोवर वाचायला माहितीपत्रक आणि संमतीपत्र दिलं, मराठीत, चोवीस पानं. सही करायची घाई नाही, घरी न्या, म्हणाले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

मराठीबद्दल एक तक्रार आहे. 'यादृच्छिकीकरण' हा शब्द पहिल्याच पानावर चार वेळा होता. दाजी म्हणाले, "हे कोन्या देवाचं नाव?" चिठ्ठ्या टाकून वाटणी, असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ते पत्रक आम्ही तीन रात्री मोठ्यानं वाचलं. भाचा वाचायचा, मी अर्थ सांगायचो, दाजी मधेच झोपायचे.

एकोणिसाव्या पानावर सहीच्या वर काही रकाने होते: शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. आक्कानं वाचन थांबवलं. "नॉमिनी म्हंजे एलआयसीला असतो त्यो? माणूस गेल्यावर पैशे घेनारा?" हो. "मग ह्यायला आधीच ठाऊक हाय म्हना की माणूस जानार हाय."

भारतातल्या ट्रायलच्या संमतीपत्रात हा रकाना असतोच. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत तो छापील नमुना दिलेला आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि इजा कायमची असेल किंवा मृत्यू झाला तर भरपाई. भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. ८ लाखांचा पाया धरून वय आणि आजाराची जोखीम यांच्या हिशोबानं रक्कम निघते. एक कलम मला विशेष वाटलं. प्रचलित उपचार उपलब्ध असताना ट्रायलच्या आराखड्यामुळे तो दिला नाही आणि नव्या औषधानं अपेक्षित गुण आला नाही म्हणून इजा झाली, तर तीही भरपाईच्या यादीत येते. दाजींचा 'दुसऱ्या अर्ध्याचा' प्रश्न कुणीतरी आधीच कायद्यात उलट्या बाजूनं मांडून ठेवला होता. हे सगळं मी आक्काला सांगितलं. तिला पटलं, असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, नॉमिनीच्या रकान्याशेजारी हा रकाना का आहे याच्या दोन ओळी छापल्या, तर मराठवाड्यातल्या निम्म्या घरांतली भीती तिथेच उतरेल.

शंका एका वहीवर काढल्या आणि मॅडमना फोन केला. जुन्या गोळीच्या गटात पडलो तर ती गोळी कोण देणार? ट्रायलच देणार. मधेच सोडायचं झालं तर? कधीही, कारण न सांगता. नवी गोळी लागू पडली आणि ट्रायल संपली, मग? दुसरा पर्याय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीनं मान्यता दिली, तर पुढे फुकट मिळण्याची तरतूद आहे; पण आज हमी देता येणार नाही. प्रवास? तिकीट दाखवलं की खर्च मिळेल. सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज? नाही. संमती देताना व्हिडिओ काढणार, असंही त्यांनी सांगितलं. नव्या रेणूच्या ट्रायलमध्ये सहभागी दुर्बल गटातला असेल तर तसा नियमच आहे. त्यावर दाजींचा एकच सवाल, "टोपी घालू का काढू?"

मग खेपा मोजल्या. पहिल्या वर्षात सोळा. मी त्या दिनदर्शिकेवर टाकल्या. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक, म्हणजे कोळपणी, फवारणी, दोन्हींच्या डोक्यावर. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात एक. प्रत्येक खेप दोन रात्रींच्या रेल्वेची, वर एक दिवस दवाखान्यात.

रिपोर्ट

जूनच्या शेवटी म्युटेशनचा रिपोर्ट आला: एफ-३१७-एल. टी-३१५-आय नाही. या बदलावर डासाटिनिब कमजोर पडते आणि नायलोटिनिब चालते. म्हणजे अडचण एकट्या माझ्या गॅसच्या गोळीची नव्हती. किती तिची, किती पुरवून खाल्लेल्या इमॅटिनिबची, किती आपोआप घडलेली, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, वेगळं काढता येत नाही.

ट्रायलच्या त्याच डॉक्टरांनी पुढचं सांगितलं, आणि ते जसं सांगितलं तसंच लिहितो. "तुम्ही अटींत बसता. आलात तर तीनातल्या दोन शक्यता नव्या गोळीच्या. ती चालते का, हेच आम्हाला शोधायचंय. तिसरी शक्यता जुन्या गोळीची, आणि या रिपोर्टवर मी तुम्हाला नायलोटिनिबच देणार. ती तुम्ही अजून घेतलेलीच नाही. ती बाहेरही मिळते. ती घेऊन बघा, न चालल्यास परत या, किंवा आत्ताच या. दोन्ही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर आहे" हे वाक्य घरी नेणं फार जड असतं. सांगा ना एक काहीतरी, असं वाटतं.

त्या रात्री ओसरीवर चौघं बसलो. भाचा ट्रायलच्या बाजूचा. गोळी फुकट, तीन महिन्यांनी पीसीआर न चुकता, ईसीजी, प्रत्येक त्रासाची नोंद; सात वर्षांत नऊ रिपोर्ट असणाऱ्या माणसाला हे कुठे मिळणार? त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. आक्का विरुद्ध, कारण नॉमिनी. मी ट्रायलच्या बाजूनं बोललो, पण माझं कारण मलाच पटत नव्हतं. मोठ्या दवाखान्यानं सगळं ताब्यात घेतलं की माझ्या हातून पुन्हा काही चुकायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

दाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसऱ्या अर्ध्यात जे भेटनार ते हितंच भेटतंय. आन पहिल्या अर्ध्यात काय हाय ते त्यायलाच ठाऊक नाही. आधी ठाऊक हाय ते खाऊन बघू. नाही जमलं तर मग जाऊ त्यायच्याकडं, कागद हाय ना तयार." भाच्याकडे वळून, "आन रिपोर्टचं तू बघायचं. दर तीन महिन्याला. चुकलं तर तुझ्याकडून."

मला आजही वाटतं की निर्णय उलटा झाला असता तरी मी तो चूक म्हटला नसता. एफ-३१७-एल ऐवजी टी-३१५-आय निघाला असता तर आम्ही पहिल्या ट्रायलसाठी दुसऱ्याच रात्री गाडीत बसलो असतो.

नंतर

नायलोटिनिब जुलैत सुरू झाली. आधी ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कारण ही गोळी हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते. ती माझ्या होलसेलरकडून खरेदीच्या भावात येते. योजनेत बसवण्यासाठी कागद दिलेत, चकरा चालू आहेत.

खरा जाच वेळेचा. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, गोळीआधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नाही. पाणी चालतं. शेतकऱ्याला पहाटे पाचला चहा लागतो आणि शेतातून आल्यावर पाचला भाकरी. आम्ही साडेसहा-साडेसहा ठरवलं. म्हणजे सकाळचा चहा साडेसातला, आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात काही खायचं नाही. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून आले, ओवाळून झालं, पुरणपोळ्या वाढल्या, सगळे जेवायला बसले आणि हे घड्याळाकडे बघत ओट्यावर. आक्काही त्यांच्यासाठी थांबली. जळजळ झाली की ते आता मला विचारत नाहीत, थेट डॉक्टरांना फोन लावतात. मला ते थोडं लागतं, पण बरोबर आहे.

ऑक्टोबरचा पीसीआर ०.९ आला. जिथे हवा तिथे अजून नाही, पण मेमधल्या ६.८ च्या मानानं बराच खाली. पुढचा जानेवारीत; भाच्यानं मोबाईलमध्ये गजर लावलाय.

रिपोर्ट कळवायला आणि त्यांनी इतका वेळ दिला म्हणून आभार मानायला मी मुंबईच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आमच्या केंद्रावरच्या जागा गेल्या महिन्यात भरल्या. नोंदवहीत त्या दिवशीही 'भरती चालू' असंच दिसत होतं, भाच्यानं लगेच उघडून दाखवलं. दाजी खळ्यावर सोयाबीनला ऊन देत होते. त्यांना जाऊन सांगितलं.

"मग आपन गेलो असतो तर मला नवी भेटली असती का?"

म्हटलं, कुणाला ठाऊक, दाजी.

"तीनातल्या दोन," ते म्हणाले आणि पाभाडी घेऊन पुन्हा सोयाबीन वरखाली करायला लागले.